लांबडीची चाकं

“झालं पाठ? मग परत एकदा म्हणा.”

अप्पांनी पुढच्या सीटवरून फर्मान काढलं. गाडी जावई चालवत होते, त्यामुळे पहिली पाळी त्यांची.

“क्रोम काळवंडलंय,” सिग्नलकडे बघत जावई म्हणाले. “खोका नाही, चाकं नाहीत. नुसता सांगाडा घेऊन काय त्याचं लोणचं घालायचं?”

“लोणच्याला नाक जरा वर जाऊ द्या, जावईबापू. दात तपासल्यासारखं बोलताय.”

“आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?”

“म्हणून तर सांगतो. तिथं पेशंटला धीर द्यायचा नाहीये. घाबरवायचंय.”

मागच्या सीटवर सून खुदकन हसली. तिच्या शेजारी बसलेली ताई, अप्पांची मुलगी, हसली नाही. ती कालपासूनच हसली नव्हती.

हे नाटक या घरात अप्पांच्या तरुणपणापासून चालत आलेलं. जुनी, न जोडलेली प्लॅस्टिकची खेळण्यातली मोटार, म्हणजे खोक्यात सुटे भाग असलेली, घरी बसून चिकटवायची, अशी एखादी विकत घ्यायची झाली तर तिघांनी जायचं, आणि तिघांनी एकमेकांना ओळख दाखवायची नाही. पहिला मुरडा. त्यानं नाक मुरडायचं, खोट काढायची आणि निघून जायचं. दुसरा उसासा. त्यानं वस्तू हातात घेऊन हळहळायचं, ‘असती ऐपत तर घेतली असती’ म्हणायचं आणि जाताना दोनदा मागे वळून बघायचं. तोवर विकणाऱ्याचा धीर सुटलेला असतो. मग तिसरा येतो, उपकार. तो म्हणतो, घरी एक मोडकी पडलीय, तिला सुटे भाग होतील, द्या, नाहीतर कोण घेतंय. आणि हे सगळं होईपर्यंत अप्पा कँटीनमध्ये. घेणाऱ्याचा खरा चेहरा दिसला की भाव चढतो, हे त्यांचं ब्रीदवाक्य. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात त्यांचा चेहरा तर सगळ्यांच्याच ओळखीचा झालेला.

अप्पांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला एक खोका होता. त्याच्यावर साबणाच्या वडीएवढी प्लॅस्टिकची डबी. दुसरा सिग्नल लागला तेव्हा जावयांनी ती उचलून उघडली. आत चार काळी चाकं होती, लहान मुलाच्या अंगठ्याएवढी. झाकणाला आतून चार खोल गोल खड्डे पडले होते आणि त्यांत चाकांवरची नक्षी उमटली होती.

“हे वितळलंय की काय?”

“खाल्लंय. ह्या जुन्या मऊ चाकांची खोडच आहे ती. कडक प्लॅस्टिकला टेकून राहिली की हळूहळू त्याला खातात. खोक्यात चाकं काचेला टेकून राहिलेल्या जेवढ्या गाड्या मी उघडल्या, सगळ्यांच्या काचा गेलेल्या.”

“मग कारखानेवाले एकत्र भरायचे कशाला?”

“त्यांना काय माहीत, लोक विकत घेऊन वर्षानुवर्षं नुसतं बघत बसतील म्हणून?” अप्पांनी डबी काढून घेतली आणि झाकण घट्ट लावलं. “हिरवा झालाय. चला. बोका आधी पोचला तर माझं तोंड बघू नका परत.”

बोका म्हणजे मेळ्यातला सगळ्यात मोठा व्यापारी. मिशा तशाच आणि चालही तशीच. पूर्ण गाडी हाताला लागली की तो ती फोडायचा. काच एकाला विकायची, बंपर दुसऱ्याला, स्टिअरिंग तिसऱ्याला. अप्पा त्याला खाटीक म्हणायचे, पण समोर आला की हात मिळवायचे.

*

मेळा भरला होता बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. दारात हातावर शिक्का मारून एकेकाला आत सोडत होते आणि रांग जिना उतरून खाली फुटपाथवर आली होती. अप्पा टोपी कपाळावर ओढून कँटीनकडे गेले, खोका पोटाशी धरून. ते दिसेनासे झाल्यावर सुनेनं ताईला कोपरानं ढोसलं.

“ताई, आता तरी सांगा. काल मी मेळ्याच्या ग्रुपवरचा तो फोटो दाखवला, तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाहीये. मला वाटलं अप्पा उडी मारतील. ते खालीच बसले.”

“कारण ती लांबडी आहे.”

“ते मलाही दिसलं. लांब गाडी आहे, मागे सामानाची जागा आहे.”

“आमची लांबडी,” ताई म्हणाली. “अप्पांच्या मांडीवरच्या खोक्यातली. तुला वाटतं तो खोका भरलेला आहे? रिकामा आहे तो. वरचं चित्र, जोडणीचा कागद आणि ती चाकं, एवढंच आपलं. बाकीची गाडी काकांकडे गेली.”

“काका कोण?”

या घरात लग्न होऊन आलेल्या माणसाला काका कोण हे माहीत नसावं, यात नवल काही नव्हतं. तो शब्दच घरातून हद्दपार झालेला. ताई रांगेत एक पायरी चढली आणि तिनं आवाज खाली आणला.

“अप्पांचा धाकटा भाऊ. दोघांचं मिळून चष्म्याचं दुकान होतं. काकांना दुसरी शाखा काढायची होती, अप्पा म्हणाले अंथरूण पाहून पाय पसर. त्यावरून जे वाजलं ते थेट वाटणीवर आलं. आजी म्हणाली, निम्मं निम्मं करायचं, एकालाही जास्त नको. मग सगळंच निम्मं झालं. ताटांचा संच निम्मा. पडद्यांच्या जोडीतला एक पडदा इकडे, एक तिकडे. ज्ञानकोशाचे एकाआड एक खंड आमच्याकडे. शाळेत मला निम्म्याच विषयांवर निबंध लिहिता यायचे.”

“आणि लांबडी?”

“ती दोघांनी पहिल्या कमाईतून घेतलेली. चांगला दिवस बघून जोडू म्हणून ठेवलेली. कुणी सोडेना. मग आजीनं स्वयंपाकघरातला तराजू आणला. एका पारड्यात खोका आणि कागद, दुसऱ्यात गाडी. गाडी जड झाली. तेव्हा तिनं चाकं उचलली आणि खोक्याच्या पारड्यात टाकली. काटा मधे आला. ‘झालं समान,’ म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.”

सून तोंडावर हात ठेवून हसली. मग तिच्या लक्षात आलं. “म्हणजे दोघांनाही जोडता आली नाही.”

“आणि दोघांनीही टाकली नाही. तुझ्या फोटोत आहे ती काकांची निम्मी. खोका नाही, चाकं नाहीत, बाकी सगळे भाग साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या फांदीला तसेच लटकलेले. अशी दुसरी असणारच नाही.”

“मग छानच झालं की. अप्पांना मिळेल.”

“अगं, असा माल बाहेर कधी येतो?” ताई म्हणाली. “माणूस गेल्यावर. मुलं कपाट रिकामं करतात, टेबलावर मांडतात, संपलं. काल अप्पांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, ‘कोण विकतंय, कळलं का?’ त्यांना गाडी हवीच आहे. पण त्याआधी त्यांना कळायचंय, भाऊ आहे की गेला.”

जावई इतका वेळ रांगेतल्या माणसाच्या डोक्यावरून आत बघत होते. ते वळून म्हणाले, “मग नाटक कशाला? सरळ जाऊन विचारावं. आम्ही अमक्याचे, तुम्ही तमक्याचे का, काका कसे आहेत.”

“मला पटतं,” सून म्हणाली.

“आणि ती म्हणाली, गेले, की मग?” ताईचा आवाज चढला. “कँटीनमध्ये जाऊन ते कोण सांगणार? तुम्ही? एकदा अक्कलदाढ काढायची म्हणून सांगायला तुम्हाला आठवडा लागला होता.”

जावयांनी परत आत मान वळवली. सुनेनं पक्ष बदलला. “ताईंचं बरोबर आहे. आधी गाडी हातात येऊ दे. रिकाम्या हातानं वाईट बातमी घेऊन जाणं फार वाईट.”

“दोन विरुद्ध एक,” ताई म्हणाली. “नाक वर करा आणि निघा.”

*

जावयांना ही नाटकं आवडायची नाहीत, पण मेळा आवडायचा, हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. आत शिरल्याबरोबर त्यांची मान चारी दिशांना फिरायला लागली. बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर टेबलांच्या रांगा, टेबलांवर खोक्यांचे मनोरे, खोक्यांवर लाल-निळ्या गाड्या धूळ उडवत निघालेल्या. एक बाई गाडीवर लावायच्या, पिवळ्या पडलेल्या चिकटचित्रांना खिडकीच्या काचेवर ऊन दाखवत होती, म्हणजे ती पांढरी होतात. कुणीतरी लहानपणी डिंकानं बरबटवलेली एक गाडी ‘सुधारता येईल’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. आणि पलीकडच्या रांगेत बोका एकेक खोका कानाशी धरून हलवत होता, आत काही सुटलंय का ऐकत.

शेवटून तिसऱ्या टेबलावर ती होती.

टेबलामागे आखूड केसांची, चाळिशीतली एक बाई बसली होती. बाजूला पाच-सहा साधे खोके. समोर मात्र मऊ कापड अंथरून त्यावर एकच पारदर्शक पिशवी ठेवलेली. आत फिक्या हिरव्या रंगाचे भाग, फांदीला शेंगा लागाव्यात तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना लागलेले. जावयांनी पिशवी उचलली आणि उजेडासमोर धरली. काचेचा तुकडा त्यांनी आधी बघितला, कारण सकाळपासून ती खड्डे पडलेली डबी त्यांच्या डोक्यात होती.

काच नितळ होती. ना खड्डा, ना ओरखडा. बंपरचं क्रोम असं चकाकत होतं की त्यात स्वतःचे दात मोजता आले असते.

“क्रोम काळ...” ते म्हणाले आणि अडखळले. खोटं बोलायला काहीतरी खोट लागते. “क्रोम बरं आहे.”

“हो ना,” बाई म्हणाली.

“खोका नाही पण.” त्यांनी नाक वर केलं. “चाकंही नाहीत. म्हणजे आता याचं, म्हणजे, लोणचं वगैरे घालायचं का?”

बाईनं त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. “तुमचं नाक दुखतंय का?”

जावयांनी पिशवी परत कापडावर ठेवली आणि काढता पाय घेतला. दोन टेबलं ओलांडली नाहीत तोच मागून बोक्याचा आवाज आला. ते एका खांबाआड थांबले.

“बाई, टेबलावरचं सगळं एकगठ्ठा द्या. म्हणाल तो भाव.”

“बाकीचं सगळं घ्या. ही पिशवी नाही.”

“अहो, बिनचाकाची गाडी कोण घेणार? मी फोडून विकेन म्हणून तरी घेतोय.”

“म्हणूनच नाही,” बाई म्हणाली. “हिचं ठरलंय.”

जावई ताईकडे अक्षरशः पळत आले. इतकी घाई त्यांनी दवाखान्याला कधी दाखवली नव्हती. “ठरलंय म्हणते! आणि अगं, काच बघायला हवी होतीस तू. एक डाग नाही. मी आजवर असा दात पाहिलेला नाही.”

“कुणाशी ठरलंय?”

“ते नाही सांगितलं. मी म्हणतो आता सरळ विचारू.”

“मी जाते,” सून म्हणाली. “माझी पाळी आहे.”

*

अप्पांनी कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसायची जागा पकडली होती. दाराला काच होती, आणि येणारे-जाणारे अर्धे विक्रेते त्यांना पाठमोरे ओळखत नसले तरी समोरून नक्की ओळखत. चहा निवला होता. त्यांनी टॉवेल सोडून खोक्यावरचं चित्र बघितलं. तळ्याकाठी उभी लांबडी, आत कोंबून बसलेली माणसं, सगळ्यांचे हात खिडक्यांबाहेर. एवढी माणसं एका गाडीत मावतात आणि भांडत नाहीत, हे चित्रकारानं कुठं बघितलं असेल कोण जाणे.

काल रात्री त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं होतं. मनाशी ते एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होते. गेला असेल तर कुणीतरी कळवलं असतं. कोण कळवणार? आपणच पत्ता ठेवला नाही. चिडका होता, पण तब्येतीनं धट्टाकट्टा होता. तेव्हा होता.

पाठीमागे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कुणीतरी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलं, तेही पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून. जागाच तेवढी होती. त्या माणसानं साखर ढवळली, बराच वेळ ढवळली, आणि मग चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवला. टण् टण्.

अप्पांचा हात खोक्यावर जागच्या जागी थांबला.

अख्ख्या दुकानाला त्या आवाजानं वैताग यायचा. गिऱ्हाईक डोळे तपासून घेत असतानाही मागच्या खोलीतून टण् टण्. आई ओरडायची, कप फुटेल. जगात असा चमचा वाजवणारे हजार असतील, अप्पांनी स्वतःला बजावलं. वळून बघितलं आणि दुसराच कुणी निघाला तर? तर हा आत्ताचा एवढासा आनंदही जाईल. ते भिंतीकडे बघत बसून राहिले, आणि मागचा माणूसही हलला नाही.

*

सून रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा पुकारायची. त्यामुळे तिचा उसासा कितीही दबका म्हटला तरी चार टेबलांना ऐकू गेला.

“आमच्याकडे लहानपणी अगदी अशीच होती हो,” पिशवी छातीशी धरून ती म्हणाली. “असती ऐपत तर घेतली असती. पण नको. राहू दे.”

तिनं पिशवी ठेवली, चार पावलं गेली, वळून बघितलं. टेबलामागची बाई हसत होती. साधंसुधं नाही, दोन्ही हात तोंडावर दाबून, खांदे हलवत.

“तुमचा छान झाला,” बाई म्हणाली. “पहिल्याचा फारच कच्चा होता. आता तिसऱ्या माणसाला पाठवा लवकर. तो मिशीवाला परत येतोय.”

सून दुसऱ्यांदा वळून बघायचं विसरली. धावतच ताईकडे आली आणि तिनं ताईचा दंड धरला.

“तिला माहितीये. ताई, तिला माहितीये. तिसऱ्या माणसाला पाठवा म्हणाली.”

ताईनं त्या टेबलाकडे बघितलं. तिसरा माणूस असतो हे जगात कुणाला माहीत असणार? ज्यांनी हे नाटक रचलं त्यांना, आणि ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांना. ती चालायला लागली. मागून जावई आणि सून, अनोळखीपणा वगैरे सगळा सोडून, एकमेकांना ढकलत आले. डावीकडून बोकाही त्याच टेबलाकडे निघाला होता. ताईनं पावलं लांब टाकली आणि कुणाच्या तरी पिशवीला अडखळत त्याच्या आधी टेबल गाठलं. दोन्ही हात तिनं पिशवीच्या दोन बाजूंना टेकले. तोंड उघडलं.

“घरी एक मोडकी पडलीय,” टेबलामागची बाईच म्हणाली, “तिला सुटे भाग होतील. द्या, नाहीतर कोण घेतंय. असंच ना?”

“असंच,” ताई म्हणाली. “तुम्ही... तू काकांची...”

“मुलगी. मोटार चालवायला शिकवते. तुम्ही ताई. तुमच्या वेणीला लोंबकळायचे म्हणे मी. मला काही आठवत नाही.”

ताईला आठवत होतं. लाल रिबिनीसकट आठवत होतं. पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. जावयांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“काकांनी सांगितलं होतं हे सगळं?” शेवटी तिनं विचारलं. “तुला?”

“हो तर. तिघं येऊन जाईपर्यंत पिशवी हलवायची नाही. एक नाक मुरडेल, एक उसासा टाकेल, एक उपकार करेल. चौथा कुणी आला तर द्यायची नाही, राजा असला तरी.”

“कधी सांगितलं होतं?”

बाईनं तिच्याकडे बघितलं, आणि तिला काय विचारलं जातंय ते तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

“आज सकाळी, ताई. गाडीत. सगळ्या रस्ताभर माझ्याकडून पाठ करून घेतलं. फोन करायला लाज वाटते म्हणाले, मग म्हणाले माल मांडू, तो असेल तर येईलच. मेळा सोडायचा नाही तो.”

ताई हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. सून तर आधीच रडत होती आणि बोका दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. जावयांनी चष्मा काढून पुसला. “आहेत कुठं पण?” त्यांनी विचारलं.

“टेबलापाशी बसत नाहीत. विकणाऱ्याचा चेहरा दिसला की भाव पडतो म्हणतात. कँटीनमध्ये बसवलंय.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“कुठल्या कँटीनमध्ये?” सून म्हणाली.

“एकच तर आहे.”

त्यांनी टेबल तसंच सोडलं. काकांच्या मुलीनं पिशवी उचलली, ताईनं तिचा दुसरा हात धरला आणि चौघंही खोक्यांच्या मनोऱ्यांमधून पळत सुटली. मागून बोका ओरडला, “अहो, मग भाव काय ठरला?”

*

काचेच्या दारातूनच ताईला ते दिसलं, आणि तिनं हात आडवा घालून सगळ्यांना थांबवलं.

दोन म्हातारे पाठीला पाठ लावून बसले होते. एक या भिंतीकडे बघत होता, दुसरा त्या. दोघांच्याही टोप्या कपाळावर ओढलेल्या. दोघांचे खांदे सारखेच, डावा जरा खाली. ताईनं दार हळूच ढकललं.

“चाकं आणलीस?” काका भिंतीला म्हणाले.

अप्पांनी खोक्यावरची डबी सरळ केली.

“आणलीत,” अप्पा आपल्या भिंतीला म्हणाले. मग त्यांचा आवाज फाटला. “मला वाटलं तू गेलास.”

“गेलो असतो तर माल स्वस्तात निघाला असता. पोरीला भाव करता येत नाही.”

“काल रात्रीपासून घास गेला नाही माझ्या पोटात.”

“मग फोन करायचास.”

“तू करायचास. माल मांडतोस, फोन करत नाहीस?”

“लाज वाटली.”

“मला नसेल वाटली?”

मग दोन्ही खुर्च्या एकदम सरकल्या आणि एकमेकींच्या पायात अडकल्या, त्यामुळे मिठी मारायच्या आधी दोघांना मिळून खुर्च्या सोडवाव्या लागल्या. पुढचं कुणाला नीट दिसलं नाही. सून डोळे पुसत होती, जावई छताकडे बघत होते, आणि गल्ल्यावरच्या माणसानं कुणी न सांगता सहा चहा ठेवले.

खोका टेबलावर आला. अप्पांनी झाकण काढलं, काकांच्या मुलीनं पिशवी आत ठेवली. बरोबर बसली. काकांनी काच असलेली फांदी तेवढी काढून खिडकीकडे धरली आणि अप्पांनी आपली डबी उघडून झाकण पुढे केलं. काकांनी खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

“हे चाकांनी केलं?”

“दुसरं कुणी? त्यांना कडक काही टेकू द्यायचं नसतं. मलाही फार उशिरा कळलं.”

“म्हणजे एका खोक्यात राहिली असती तर...”

“काच गेली असती.”

काका विचारात पडले. “मग आईनं केलं ते बरोबरच होतं म्हणायचं?”

“मुळीच नाही,” अप्पा टेबलावर हात आपटून म्हणाले. कप हिंदकळले. “काच वाचवायला एक डबी पुरते. एकाच कपाटात, वरच्या फळीवर डबी, खालच्या फळीवर खोका. त्याला दोन घरं लागत नाहीत.”

काकांनी डबीचं झाकण लावलं. त्यांनी मान डोलावली, आणि बराच वेळ डोलावत राहिले.

बोका दारात येऊन उभा होता. त्यानं टेबलावरचा पूर्ण खोका बघितला आणि त्याच्या मिशा थरथरल्या. “खोका, कागद, चाकं, एकही भाग न तोडलेला,” तो जवळ येत म्हणाला. “काका, अप्पा, अहो, अशी गाडी मी धंद्यात पाहिली नाही. आता मी ही फोडणार नाही, शपथ. काचेच्या पेटीत ठेवेन.”

“त्यांचं या वेळी बरोबर आहे,” जावई घाईघाईनं म्हणाले. “अप्पा, ही जोडायची नसते आता. नुसती बघायची.”

“पेटी मी आणते,” सून म्हणाली. “दिवाणखान्यात ठेवू. सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने काकांकडे.”

“नको!” ताई आणि काकांची मुलगी एकदम म्हणाल्या, आणि ताईनं पुढचं पुरं केलं. “निम्मं निम्मं आता बास झालं या घरात.”

म्हाताऱ्यांचं इकडे लक्षच नव्हतं. काका खोक्यातल्या भागांकडे बघत होते.

“दादा, पहिली पायरी काय आहे रे? कागद तुझ्याकडे गेला. मी इतकी वर्षं भाग बघतोय, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.”

अप्पांनी कागद उघडला नाही. त्यांना तो पाठ होता.

“इंजिनापासून. इंजिनाचे दोन भाग आहेत, डावा आणि उजवा. दोन्ही फांदीवरून सोडवा. न चिकटवता आधी जुळवून बघा.”

काकांनी फांदी हातात घेतली आणि अंगठ्याचं नख एका भागाखाली घातलं.

“अहो, तोडू नका,” बोका कळवळून म्हणाला. “एक भाग तुटला की गेली सगळी...”

टक्.

काकांनी तो हिरवा तुकडा तळहातावर घेतला आणि फांदी अप्पांच्या पुढ्यात सरकवली.

“डावा झाला,” ते म्हणाले. “उजवा तू तोड.”